मोर्चा झाला, आता नोंदणी कशाची? या चुका टाळा

एखाद्या प्रश्नावर दोन मोर्चे गाजले, तहसीलदारांनी लेखी आश्वासन दिलं, की गटातल्या उत्साही मंडळींना घाई सुटते: "आता एनजीओ रजिस्टर करून टाकू." एनजीओ नावाचा कायदा नाही. महाराष्ट्रात तुमच्यापुढे संस्था, विश्वस्त न्यास (ट्रस्ट), कंपनी कायद्यातल्या कलम ८ ची ना-नफा कंपनी, कामगार संघटना आणि राजकीय पक्ष असे पर्याय असतात. प्रत्येकाचा कायदा वेगळा, नियम वेगळे. बरेच जण आधी एजंटला पैसे देतात आणि मग विचारायला येतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

करसवलतही हवी आणि उमेदवारही उभा करायचाय

ही माझी सगळ्यात नावडती चूक. देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी ऐंशी-जीची पावती द्यायची आणि त्याच पैशातून पंचायत समितीच्या उमेदवाराचे फ्लेक्स लावायचे. राजकीय हेतू हा धर्मादाय हेतू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच भोपटकरांच्या न्यासाच्या खटल्यात सांगितलंय. कायद्यात बदल मागणं, माहिती अधिकाराचे अर्ज टाकणं, ग्रामसभेत भांडणं, रेशनसाठी धरणं धरणं हे सगळं संस्था म्हणून करता येतं. "अमुक यांना निवडून द्या" म्हटलं की रेघ ओलांडली. तक्रार करायला विरोधी पॅनेलवाले टपलेलेच असतात आणि धर्मादाय आयुक्तांना विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१-ड खाली विश्वस्तांना निलंबित करता येतं, काढताही येतं.

मी गटाला आधी एक काम देतो. येत्या वर्षात कशाकशावर खर्च करणार, ते एका कागदावर लिहून आणा. त्या कागदावर प्रचाराची गाडी असेल तर संस्थेचा विषय तिथेच मिटवायचा. दोन्ही करायचंच असेल तर दोन घरं थाटा: खाती वेगळी, पावतीपुस्तकं वेगळी, सह्या करणारी माणसंही वेगळी. एकाच टेबलावर दोन पावतीपुस्तकं ठेवून "आम्ही वेगळे आहोत" म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

उसनी घटना आणि कागदापुरते सात जण

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात माणसं लागतात. महाराष्ट्रात तीच संस्था १९५० च्या विश्वस्तव्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते, तेव्हा एफ नंबर, म्हणजे त्या नोंदणीचा क्रमांक, मिळतो. इथवर एजंट सगळं सांगतो. पुढचं सांगत नाही.

पाण्याच्या प्रश्नावर काम करणारा एक चांगला गट माझ्या पाहण्यात होता. त्यांनी शाळा चालवणाऱ्या एका संस्थेची घटना, म्हणजे उद्देश आणि नियमावली, जशीच्या तशी उतरवली. उद्देशांत बालवाडी, वसतिगृह, शिवणवर्ग आणि संगणक प्रशिक्षण. पाणी हा शब्द कुठेच नाही. सात नावांत अध्यक्षांची बायको, मेहुणा आणि सहीपुरते दोन शेजारी. पुढे गटाने जाहीर सभेत हात वर करून नवी कार्यकारिणी निवडली, टाळ्या वाजल्या, पेढे वाटले. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, द्यायचा असतो, तो कुणीच दिला नाही.

मग जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत गट फुटला. बँकेने परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीची नक्कल, मागितला, तर त्यात खजिनदार म्हणून जे गृहस्थ होते ते कधीच वारले होते. दोन्ही बाजूंनी एकमेकांविरुद्ध चेंज रिपोर्ट दाखल केले, बँकेने खातं गोठवलं. सुनावणीत एका बाजूने सभासद नोंदवही आणली. कित्येक वर्षांच्या नोंदी, पण सगळ्या एकाच निळ्या पेनाने, एकाच हस्ताक्षरात, आणि वहीला पडायला हवी ती घडीसुद्धा नाही! समोरच्या वकिलाने ती नुसती उघडून टेबलावर ठेवली. मेहुणा कागदोपत्री संस्थापक सभासद, आणि लाठ्या खाल्लेल्या बायका सभासदच नाहीत, असं सगळं निघालं. पाण्याचं काम राहिलं बाजूला, माणसं तारखांना जात राहिली.

उद्देशांचं कलम बैठकीत बसून आपल्या शब्दांत लिहा, वकिलाकडे नंतर जा. सात नावं बैठकांना येणाऱ्यांचीच घाला. इतिवृत्तावर सह्या त्याच संध्याकाळी घ्या. "नंतर घेऊ" म्हणणाऱ्याला मी प्रोसिडिंग बुक, म्हणजे इतिवृत्ताची वही, घरी नेऊ देत नाही. सभेची नोटीस मिळाल्याची सहीसुद्धा जपून ठेवा, भांडण तिथूनच सुरू होतं.

बाकीच्या, थोडक्यात

न्यास सोपा म्हणून न्यास करू नका. सूत्रं विश्वस्तांच्या हाती राहतात, सभासदांना मत देण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. लोकशाहीची भाषा करणाऱ्यांना हे शोभत नाही.

कलम ८ ची कंपनी पत्रकावर भारदस्त दिसते. दरवर्षीचं ऑडिट आणि विवरणपत्रं कोण भरणार, ते ठरवून मगच पुढे जा.

परदेशी निधीची स्वप्नं पहिल्या दिवशी पाहू नका. परदेशी निधी घ्यायला केंद्राच्या परकीय योगदान कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. नियमित नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी लागते आणि त्या काळात कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले लागतात. बंद आणि रास्ता रोको करणाऱ्या संघटनांना "राजकीय स्वरूपाची" ठरवून परदेशी निधी रोखण्याची तरतूद या कायद्याच्या नियमांत होती. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ सक्रिय किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध असलेल्यांपुरता मर्यादित केला. म्हणून पक्षाच्या मंचावर संस्थेचा बॅनर लावू नका.

पक्षच काढायचा असेल तर स्थापनेपासून ३० दिवसांत निवडणूक आयोगाकडे अर्ज जायला हवा, किमान १०० मतदार सभासदांसह. महाराष्ट्र दिनी स्थापना जाहीर करून दिवाळीत अर्ज करणारे महाभाग असतात.

गटातले बहुतेक लोक हमाल, घरकामगार किंवा बांधकाम मजूर असतील तर कामगार संघटनेचा विचार आधी करा. तिला नागरी आणि राजकीय कामासाठी वेगळा, ऐच्छिक वर्गणीचा निधी ठेवता येतो. १९२६ च्या कायद्यात ही सोय होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. संस्थेला ही मुभा नाही, तरी सगळे धावतात संस्थेकडेच.

आणि नोंदणी केलीच पाहिजे असं कुणी सांगितलं? संघटना करण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने दिलाय, धर्मादाय कार्यालयाने नाही. माहिती अधिकाराची मागणी लावून धरणारी राजस्थानातली मजदूर किसान शक्ती संघटना स्वयंसेवी संस्था म्हणून नोंदलेली नाही. मात्र नोंदणी नसेल तेव्हा वर्गणी अध्यक्षाच्या बचत खात्यात आणि त्याच्या क्यूआर कोडवर घेऊ नका. आयकराची नोटीस त्याच्याच नावाने येईल. व्यक्तींचा समूह म्हणून पॅन काढता येतो, गटाच्या ठरावावर बँकेत खातंही उघडता येतं. शाखेतला माणूस आधी "नोंदणीपत्र आणा" म्हणेल. तेव्हा नोंदणी नसलेल्या संघासाठी रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत कोणती कागदपत्रं सांगितली आहेत, ते पान छापून सोबत न्या.