मोत्याच्या डुलातली मुलगी काढताय? या चुका टाळा

जुनी चित्रं बघून हात बसवायचा म्हटलं की बरेच जण डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याचा डूल घातलेली मुलगी (साधारण १६६५) निवडतात. चित्र साधं दिसतं, म्हणून. आणि तिथेच फसतात.

सगळ्यात मोठा घोळ नाकाचा. भुवईपासून नाकपुडीपर्यंत ठसठशीत रेघ ओढली की चेहरा परका झालाच म्हणून समजा. व्हर्मीरने ती रेघ काढलेलीच नाही. उजेडातलं नाक पलीकडच्या गालात विरघळून गेलंय. डोळे बारीक करून मूळ चित्र पाहा. जी कड दिसेनाशी होते ती कागदावरूनही पुसा, फक्त सावलीचे आकार ठेवा. ओळख तिथूनच येते, पापण्या कोरून नाही.

मोत्याचंही तेच. आधी गोल काढून मग तो रंगवत बसू नका. तिथे आहेत ते दोनच डाग: वर जाड, पांढरा ठिपका आणि खाली कॉलरचं मंद प्रतिबिंब. डूल अडकवायची कडीसुद्धा दाखवलेली नाही! मानेची सावली आधी भरा, मऊ खोडरबरने उजेड उचलून घ्या.

चेहरा तिरका होतोय? मूळ चित्र आणि तुमचा कागद, दोन्ही उलटे धरा. चूक लगेच दिसते. चौकटी आखून काढलंत तरी हरकत नाही, पण सगळीच चित्रं तशी काढलीत तर नजर तयार होत नाही.

रंगात करणार असाल तर मोबाइलच्या पडद्यावर विसंबू नका. मागचा काळोख मुळात हिरवा पडदा होता, हे चित्र जिथे आहे त्या नेदरलँड्समधल्या मॉरित्सहाउस संग्रहालयाच्या तपासणीत २०२० मध्ये पुढे आलं. निव्वळ काळा फासलात तर मुलगी कापून चिकटवल्यासारखी दिसते.

आणि सगळंच उतरवायचा हट्ट कशाला? व्हर्मीरच्याच काळातल्या रेम्ब्रांट या डच चित्रकाराने साधारण १६५६ ते १६६१ च्या दरम्यान मुघल लघुचित्रांवरून रेखाटनं केली. शाहजहानसुद्धा काढला. त्या चित्रांतली रंगांची श्रीमंती बाजूला ठेवून त्याने उभं राहण्याची ढब आणि कपड्यांची ठेवण तेवढी टिपली. तुम्हीही एका बैठकीत एकच गोष्ट धरा: आज सावली, उद्या फेट्याच्या घड्या.

वरच्या डाव्या कोपऱ्यातली व्हर्मीरची सही मात्र उतरवू नका. तुमचं नाव, ‘व्हर्मीरवरून’ आणि तारीख लिहा. नक्कल मूळ म्हणून खपू नये यासाठी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात नक्कल करणाऱ्यांना मूळ चित्राच्या मापाचा कॅनव्हाससुद्धा वापरू देत नाहीत.