जुनी वेस्टर्ली सेंटॉर घेताना आधी कील बघा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्ट्समथच्या आसपासच्या खाड्यांत ओहोटी लागली की चिखलात दोन पायांवर उभ्या राहिलेल्या जुन्या शिडाच्या नौका दिसतात. त्यांतल्या बऱ्याच वेस्टर्ली सेंटॉर असतात. लॉरेंट जाइल्स यांच्या फर्मने आखलेली ही नौका 1969 ते 1980 या काळात अडीच हजारांच्या आसपास बांधली गेली. लांबी 26 फूट, रुंदी जवळजवळ साडेआठ फूट, वजन सुमारे 3 टन आणि पाण्याखाली जेमतेम 3 फूट. संख्या भरपूर असल्यामुळे किंमत उतरलेली असते. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणी पहिली नौका शोधत असेल तर सेंटॉर समोर येतेच. बहुतेक जण चढल्या चढल्या केबिनमध्ये डोकावतात, गाद्या दाबून बघतात आणि तिथेच फसतात. गाद्या चार दिवसांत नव्या करता येतात, कीलचा, म्हणजे तळाखाली लावलेल्या जड पंखाचा, पाया नाही.

आधी समोरची नौका सेंटॉरच आहे ना, याची खात्री करा. त्याच हलला, म्हणजे नौकेच्या बाहेरच्या कवचाला, दोनऐवजी मधोमध एकच फिन कील लावली की ती पेम्ब्रोक, आणि मागे वेगळी केबिन असेल तर चीफटन. जाहिरातींत या तिन्ही नावांची सरमिसळ होते. सेंटॉरची जागा पुढे एड दुबॉय यांनी आखलेल्या ग्रिफनने घेतली, तीही 26 फुटीच असल्याने नवख्याला चटकन फरक कळत नाही. बिल्डरची पाटी शोधा, तिच्यावरचा क्रमांक टिपून घ्या आणि कागदांवरच्या क्रमांकाशी ताडून बघा. युरोपची सीई पाटी 1998 नंतर सक्तीची झाली, त्यामुळे सेंटॉरवर ती नसणे हा दोष नाही.

आता कील. कोकणातल्या लाकडी होडीची पठाण तिच्या अंगाचाच भाग असते. सेंटॉरच्या दोन ओतीव लोखंडी कील मात्र हलच्या खाली काढलेल्या बुटक्या उंचवट्यांना बोल्टने जोडलेल्या आहेत, आणि त्या बाहेरच्या बाजूला कललेल्या आहेत. नौका जमिनीवर टेकली की वजन दोन्ही कीलना बाहेर फाकवू बघते. कीलजवळचा हल त्या ओढीने वाकतो, पुन्हा सरळ होतो. रोज दोन भरत्या, वर्षाला सातशेहून जास्त, असे पन्नास वर्षे चालले की हलचे फायबर (फायबरग्लास) थकते. कडक वाळूवर लाटांच्या उसळीत आपटत टेकणाऱ्या नौकेचे हाल त्याहून वाईट. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: ही नौका कुठे बांधून ठेवली होती, ओहोटीला तळावर टेकत होती का, आणि तळ कसला होता?

तपासणी क्रेनने उचलताना होईल असे बघा. नौका पट्ट्यांत लटकलेली असताना कील आणि हल यांच्या सांध्यावर दोन-तीन ठिकाणी पेन्सिलने आडवी-उभी रेघ मारा, अर्धी कीलवर, अर्धी हलवर. आत एका माणसाला कीलच्या वरच्या बाजूला, बिल्जमध्ये (नौकेच्या आतल्या तळाच्या खोलगट भागात) टॉर्च घेऊन बसवा. मग नौका हळूहळू जमिनीवर टेकवायला सांगा. रेघ तुटून सरकली, सांध्यातून जुने पाणी किंवा गंजाचा ओघळ बाहेर आला, किंवा आतल्या माणसाला फायबर हलताना दिसले, तर प्रश्न गंभीर आहे. शौचालयाचे दार पट्ट्यांत लटकताना नीट लागते आणि टेकल्यावर चौकटीला घासते, हीही खूण समजा. दोन्ही कीलचे अंतर मध्यरेषेपासून मोजा. डावी-उजवीत लक्षात येण्याजोगा फरक पडला तर कारण विचारा.

बिल्जमध्ये कील बोल्टचे नट दिसतील. वरवरचा गंज चालतो. पापुद्रे सुटलेला, नटची कड झिजवून टाकणारा गंज चालत नाही. नटाखालचे वॉशर छोटे असतील तर भार एका बिंदूवर येतो आणि भोवताली कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. आधीच्या मालकाने मोठ्या जाड प्लेट टाकून, आडव्या पट्ट्या लॅमिनेट करून हा भाग मजबूत केला असेल तर ती नौका नुसत्या चकचकीत नौकेपेक्षा जास्त किमतीची धरावी. फोटो आणि बिले मागा. जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर, नुसता रंग फासून चिरा लपवल्या असतील तर पुढे जाऊ नका. कील हलत असेल तर नौका फुकट मिळाली तरी सोडा, असे आमचे मत आहे.

ऑस्मोसिसचे, म्हणजे हलमध्ये पाणी मुरून फोड येण्याचे, नाव ऐकून लोक उगाच धास्तावतात. 1970 च्या दशकातल्या पॉलिस्टर हलवर थोडे फोड असणे नवल नाही. फोड फोडल्यावर व्हिनेगरसारख्या वासाचे चिकट पाणी आले तर तो ऑस्मोसिस, साधा रंगाचा फोड नव्हे. मालकाला विचारल्याशिवाय मात्र फोडू नका. पाण्यातून नुकत्याच काढलेल्या हलवर ओलाव्याचे मीटर लावून उपयोग नाही. काही दिवस वाळू द्या, तळाचा रंग हातभर जागी खरवडा, मगच आकडा घ्या. मोजके फोड असतील तर किंमत कमी करायला ते कामाला येतील.

डेकवर प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने ठोकत जा. टणक आवाज हवा. जिथे बद्द आवाज येईल तिथे आतले थर सुटले आहेत किंवा मधले लाकूड कुजले आहे. रेलिंगच्या खांबांचे पाय, विंच आणि साखळीची फिटिंग यांच्याभोवती आधी बघा, पाणी भोकांतून शिरते. खिडक्यांच्या चौकटीखालचे डाग तेच सांगतात. छताचे कापड लोंबत असेल तर त्यामागचा फोम भुगा झालेला आहे. वेस्टर्लीत हे हमखास होते. दुरुस्ती स्वस्त आहे, पण काम घाणेरडे आणि दोन-तीन शनिवार-रविवार खाणारे.

डोलकाठी डेकवर उभी आहे, म्हणून तिच्या पायाखालचा डेक दबलेला नाही ना ते वरून आणि खालून पाहा. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या स्टेनलेसच्या तारांवरून कापूस फिरवा, तुटलेला धागा तो पकडेल. टोकांच्या फिटिंगवर केसासारख्या चिरा भिंगातून दिसतात. तारा दहा-बारा वर्षांपेक्षा जुन्या असतील तर विमा कंपनी बदलायला सांगण्याची शक्यता जास्त, तो खर्च आधीच वजा करा. सुकाणू हाताने दोन्ही बाजूंना आणि वर-खाली हलवून बुशिंगमधला खेळ बघा.

बहुतेक सेंटॉरमध्ये व्होल्वो पेंटाचे दोन सिलिंडरचे, सुमारे 25 अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते. ते थेट समुद्राच्या पाण्याने थंड होते, म्हणून आतले मार्ग क्षाराने चोंदतात आणि धातू झिजतो. भेट ठरवताना बजावून ठेवा, इंजिन आधी चालू करू नका. पोहोचल्यावर ब्लॉकवर हात ठेवा. कोमट लागला तर थंड इंजिनची परीक्षा त्या दिवशी होणार नाही, दुसरा दिवस मागा. थंड असेल तर ते किती प्रयत्नांत सुरू होते, एक्झॉस्टमधून पाणी भरपूर येते का, ते बघा. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. तेलाची काडी काढल्यावर तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. धक्क्याला पक्के बांधून गियरमध्ये अर्ध्या वेगावर 15 मिनिटे चालवा, खरा ताप तेव्हा चढतो. इंजिन बदलायची वेळ आली तर खर्च बऱ्याचदा नौकेच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

समुद्राच्या पाण्याचे वॉल्व चुकवू नका. साधे पितळी गेट वॉल्व असतील तर त्यातले जस्त झिजून धातू ठिसूळ होतो. थोडे खरवडा, पिवळ्याऐवजी गुलाबी रंग दिसला की बदलायचेच. प्रोपेलरलाही हीच कसोटी.

इतके पाहून नौका पसंत पडली की वायडीएसएशी (नौका आखणाऱ्यांच्या आणि तपासणाऱ्यांच्या ब्रिटिश संघटनेशी) संलग्न सर्वेअर, म्हणजे नौका तपासणारा तज्ज्ञ, नेमा. त्याचा अहवाल तुमच्या नावाने यायला हवा, विकणाऱ्याने दाखवलेला जुना अहवाल नको. कीलबद्दलचा प्रश्न लेखी विचारा. सर्वे समाधानकारक ठरला तरच व्यवहार पुरा होईल, ही अट करारात घाला.

कागदांत एक गोष्ट लोक विसरतात. ब्रिटनचे स्मॉल शिप्स रजिस्टर मालकीचा पुरावा नाही. ब्रिटिश जहाज नोंदणीच्या पार्ट वनच्या नोंदवहीत मात्र मालकी आणि गहाण दोन्ही नोंदतात. तिथल्या परंपरेने नौकेचे 64 हिस्से मानतात. नवरा-बायकोच्या नावावर 32-32 असतील, तर बिल ऑफ सेलवर (विक्रीच्या दस्तावर) दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.