जागलीसाठी हलकी रायफल घेताना

छोट्या कारागिराने बेताने घडवलेली हलकी रायफल हातात आली की माणूस भुलतोच. जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, शेताच्या धुऱ्याधुऱ्याने (बांधाबांधाने) फिरणाऱ्याला अर्धा किलोही जाणवतो. पण तेच काडतूस 3 किलोऐवजी अडीच किलोच्या रायफलीतून झाडले, तर खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा साधारण 20 टक्क्यांनी वाढते. दुर्बीण-पट्ट्यासकट वजन विचारा आणि रेंजवर स्वतः झाडून पाहा. विकणाऱ्याच्या खांद्यावर विसंबू नका.

हलकेपणा बहुधा बारीक नळीतून येतो, आणि ती लवकर तापते. सलग झाडलेल्या गोळ्यांचा निशाणावरचा झुपका दाखवला तर तो बाजूला ठेवा. थंड नळीची पहिली गोळी कुठे लागते ते बघा. शेतात तीच कामाची.

नळी दस्त्यापासून (खांद्याला टेकणारा, नळीखालपर्यंत जाणारा लाकडी भाग) मोकळी आहे असे सांगितले, तर दोन्हींमधून कागदाची पट्टी सरकवा. मे महिन्यात 45 अंश आणि पाठोपाठ पाऊस, अशा हवेत लाकूड फुगून नळीला टेकते नि नेम सरकतो. अशा ठिकाणी मला तरी फायबरचा दस्ता बरा वाटतो, दिसायला कसाही असो.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून, तोंड सुरक्षित दिशेला धरून घोडा चढवा, सेफ्टी लावा, चाप ओढून सोडा, मग सेफ्टी काढा. तेवढ्यात घोडा पडला, तर माल परत.

कारागिराचा परवाना, चाचणीचा शिक्का, कोरलेला नंबर हे आधीच बघायचे. आणि शस्त्रपरवाना खिशात असला तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय रोही (नीलगाय) किंवा रानडुकरावर गोळी चालवता येत नाही.