इन्स्टावर विकताय? जत्रेतही फिरा

इन्स्टाग्रामवर मसाले, लोणची, चटण्या विकणाऱ्यांनी डिसेंबरातली पुण्याची भीमथडी जत्रा किंवा मुंबईचं महालक्ष्मी सरस हे महिला बचत गटांचं प्रदर्शन जरूर फिरावं, स्वतःचा स्टॉल नसला तरी. संध्याकाळच्या गर्दीत नको. दुपारी, स्टॉलवाल्या ताई जरा निवांत असतात तेव्हा. आधी काहीतरी विकत घ्या, मग बोला. बरण्या कुठून आणता, तेल गळू नये म्हणून झाकण कसं सील करता, कुरिअरवाला किलोला काय लावतो? हे रीलमध्ये कुणी सांगत नाही, समोर उभं राहिलं की हातात बरणी देऊन दाखवतात. नंबर सेव्ह करताना नावापुढे ‘शेंगदाणा चटणी, सोलापूर’ असं लिहा. आणि कबूल केलेला फोटो किंवा पत्ता त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.