कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन आहे? आधी क्रिएटिनिन बघा
घरात कुणाचा डाय (म्हणजेच कॉन्ट्रास्ट) टाकून सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी ठरली असेल आणि त्यांना शुगर किंवा किडनीचा जुना त्रास असेल, तर आधी क्रिएटिनिनचा (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) ताजा रिपोर्ट हातात घ्या, कारण हा डाय कमजोर किडनीला त्रास देऊ शकतो, त्याच कागदावर बऱ्याचदा ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) पण छापलेला असतो, तो ३० च्या खाली असेल तर डॉक्टरांना स्वतःहून दाखवा, सेंटरवाला विचारेल या भरवशावर राहू नका.

आमच्या बाबांच्या वेळी मी गोळ्यांची अख्खी पिशवीच टेबलावर ओतली होती, त्यात गुडघ्यासाठीची डायक्लोफिनॅक निघाली, मेडिकलमधून परस्पर आणलेली! असली पेनकिलर किडनीवर आधीच ताण देते. मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) चालू असेल तर तेही सांगा, किडनी कमजोर असल्यास ती स्कॅनच्या वेळी बंद करून ४८ तास थांबायला सांगतात, पण मनाने बंद करू नका.

उपाशीपोटी या म्हटलं की आपली माणसं पाणीही सोडतात, तर पाणी चालेल का ते फोन करून विचाराच. हार्ट फेल्युअर किंवा पाय सुजत असतील तर मात्र तांब्याभर पाणी ढोसायचं नाही, किती प्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. किडनीला रिस्क असेल तर स्कॅननंतर दोन-तीन दिवसांनी परत क्रिएटिनिन करायचं, आणि लघवी कमी झाली तर तेवढंही थांबू नका.