दिव्यांग आयुक्तांकडं तक्रार करायची, तर आधी टेप काढा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. डाव्या पायात कॅलिपर, त्यामुळं दिव्यांगांच्या तक्रारींचे अर्ज फिरून फिरून माझ्याच टेबलावर येतात. येणाऱ्याचा सूर ठरलेला: "त्या साहेबाला सस्पेंडच करायला लावा." ते आयुक्तांच्या हातात नाही. पण जे आहे तेही कमी नाही.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दोन दारं आहेत. रेल्वे, पोस्ट, राष्ट्रीयीकृत बँक असली तर दिल्लीतले मुख्य आयुक्त. महापालिका, जिल्हा परिषद, एसटी असली तर पुण्यातले राज्य आयुक्त. वकील हवाच असं नाही. सरकारी नोकरीतली तक्रार असेल तर आधी कार्यालयातल्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं द्या. त्यानं दोन आठवड्यांत चौकशी करायची असते.

आता अर्ज. एका बाईंचंच बघा. व्हीलचेअरवर असतात. बँकेच्या दारात तीन पायऱ्या, रॅम्प नाही, आतून निरोप: "घरातल्या कुणाला तरी पाठवा." त्यांनी लिहून आणलेलं, 'मला अपमानास्पद वागणूक मिळाली.' मी ते खोडलं. तारीख, वेळ आणि ते वाक्य जसंच्या तसं घातलं. मग त्यांच्या पोराच्या हातात टेप दिला, म्हटलं पायरीला लावून फोटो काढून आण. साडेसात इंच भरली. 'पायऱ्या उंच आहेत' यावर समोरचा वाद घालतो, साडेसात इंचावर काय घालणार?

शेवटी 'योग्य ती कार्यवाही व्हावी' लिहू नका. योग्य काय ते तुम्हीच सांगा: रॅम्प करा, तो होईपर्यंत खाली येऊन सही घ्या. अशी वाजवी सोय नाकारणं हाच कायद्यानं भेदभाव आहे. आणि सर्टिफिकेटवर 40 टक्के दिव्यांगत्व नाही म्हणून गप्प बसू नका. ती अट आरक्षणाला आहे, भेदभावाच्या तक्रारीला नाही.

अर्ज गेला की समोरच्याला 30 दिवसांत म्हणणं मांडायला सांगतात. साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे, हे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आयुक्तांना आहेत. निकाल मात्र शिफारस म्हणून येतो. लोक इथंच हिरमुसतात. पण शिफारस मिळाल्यापासून तीन महिन्यांत त्या कार्यालयाला काय केलं ते कळवावं लागतं. मान्य नसेल तर कारणं द्यावी लागतात, तुम्हालाही. ती तारीख कॅलेंडरवर लिहा.

बदलीला तातडीची स्थगिती हवी असेल, तर आयुक्तांकडं वेळ घालवू नका, ते हायकोर्टाचं काम. त्यासाठी आता मुंबईही गाठायला नको. 18 ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच, म्हणजे हायकोर्टाचं फिरतं खंडपीठ, कोल्हापुरातच बसतं. शिफारस धुडकावली गेली तरी तिथं जाता येतं. वकिलाकडं जाताना शिफारशीची प्रत आणि ते कारणांचं पत्र, दोन्ही न्या.