मूलद्रव्यांचा नकाशा करताय? आधी सूर्य तपासा

सोलापुरात आमच्या अभ्यासगटातली मुलं चांद्रयान-२ वरच्या ‘क्लास’ या क्ष-किरण मोजणाऱ्या उपकरणाची माहिती इस्रोच्या ‘प्रदान’ पोर्टलवरून उतरवून घेतात आणि चंद्रावरच्या मॅग्नेशियमचा नकाशा करतात. पहिला नकाशा बहुधा चादरीसारखा पट्ट्यापट्ट्यांचा येतो. मुलं हरखतात. मग सांगावं लागतं की या पट्ट्या चंद्राच्या नाहीत, सूर्याच्या आहेत.

सूर्याचे क्ष-किरण खडकावर पडले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण सोडतं : मॅग्नेशियम १.२५, ॲल्युमिनियम १.४९, सिलिकॉन १.७४ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट. पण सूर्य काही मिनिटांतही बदलतो. सौरज्वाळा उठली की तोच खडक कितीतरी पट उजळ दिसतो. म्हणून नुसती मोजणी रंगवू नका, सिलिकॉनशी गुणोत्तर काढा. तेवढ्यानेही भागत नाही. ज्वाळेत जास्त ऊर्जेचे किरण वाढतात आणि गुणोत्तरही सरकतं. त्याच क्षणाचा सौर वर्णपट, म्हणजे सूर्याकडून कोणत्या ऊर्जेचे किती क्ष-किरण आले याची नोंद, घ्याच. त्यासाठीच यानावर ‘एक्सएसएम’ हे सूर्याचे क्ष-किरण मोजणारं उपकरण आहे.

कॅल्शियम, लोह यांचे नकाशे बरेच रिकामे राहतात. तिथे शून्य भरू नका! त्यांना लागणारे जास्त ऊर्जेचे किरण देणारी पुरेशी ज्वाळा नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. बुधाभोवती २०११ ते २०१५ फिरलेल्या नासाच्या मेसेंजर यानालाही गंधक, कॅल्शियम आणि लोहासाठी ज्वाळांचीच वाट पाहावी लागली.

‘क्लास’चा एक ठिपका सुमारे १२.५ किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ अख्खं सोलापूर शहर त्यात मावेल. रंग गुळगुळीत करून त्यात बारीक सीमारेषा दाखवणं मला अप्रामाणिक वाटतं. मेसेंजरची कक्षा तर लंबवर्तुळाकार होती : उत्तरेला जवळ, दक्षिणेला फार दूर. त्यामुळे बुधाच्या दक्षिण गोलार्धातले ठिपके खूपच मोठे आहेत.

खोलीचा घोळही नेहमीचा. माती परीक्षणाला आपण वरचा काडीकचरा सारून वीतभर खड्डा घेतो. क्ष-किरण मात्र मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही पातळ थराची खबर देतात, गॅमा किरण काही दशक सेंटिमीटरची. या दोन किरणांवरून केलेले नकाशे जुळले नाहीत म्हणून लगेच एकाला चूक ठरवू नका.

शेवटी एक चाचणी घ्या. चंद्रावरचे काळे सपाट भाग आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणासारखेच बेसॉल्टचे आहेत. तिथे ॲल्युमिनियम-सिलिकॉन गुणोत्तर उजळ उंच प्रदेशापेक्षा कमीच यायला हवं. तसं आलं नाही, तर पार्श्वभूमीची (चंद्राच्या खडकातून न आलेल्या मोजणीची) वजाबाकी आणि सौर वर्णपट पुन्हा पाहा.